विश्लेषण : भात आणि ज्वारी वेगळे कधी झाले? उत्तर चंद्रपूरच्या दगडी शेणात!

ताटातला भात आणि भाकरीची ज्वारी ही दोन्ही गवतेच. दोघांचा पूर्वज एकच होता. मग या दोन घराण्यांची फारकत कधी झाली? पाच कोटी वर्षांपूर्वी की आठ कोटी? मोबाइलवर शोध घेतला तर काही सेकंदांत एक आकडा समोर येतो. पण तो आकडा कुठून आला, कोणत्या गृहीतकावर उभा आहे आणि उद्या बदलू शकतो का, हे मात्र त्याच्या शेजारी लिहिलेले नसते. गंमत म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मागे ढकलणारा पुरावा परदेशातल्या प्रयोगशाळेत नव्हे, तर चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातील पिजदुरा गावच्या शिवारात सापडला. तोही डायनोसॉरच्या शेणात.

पिजदुऱ्यात नेमके काय सापडले?

शोधनिबंधांमध्ये या गावाचे नाव ‘पिसदुरा’ असे लिहिले जाते. जुन्या नोंदींत ते ‘पिजदुरा’ आहे. लॅमेटा या नावाने ओळखले जाणारे खडकांचे थर इथे उघडे पडलेले आहेत. जबलपूरजवळच्या लॅमेटा घाटावरून त्यांना हे नाव मिळाले. दख्खनच्या लाव्ह्याचे पूर येण्याच्या सुमाराचे, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीचे हे थर. त्यांत डायनोसॉरची हाडे सापडतात आणि हाडांसोबत मूठभर ते दोन मुठींएवढे गोटे सापडतात. हे गोटे म्हणजे दगड झालेले शेण. विज्ञानाच्या भाषेत कॉप्रोलाइट. १९३९ मध्येच सी. ए. मॅटली यांनी पिजदुऱ्याच्या या गोट्यांवर स्वतंत्र लेख लिहिला होता. म्हणजे गोटे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. ते फोडून, विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघायला मात्र आणखी ६६ वर्षे जावी लागली.

२००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लेखक चार : लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि ज्येष्ठ जीवाश्मशास्त्रज्ञ अशोक साहनी. शाकाहारी, लांब मानेच्या टायटनोसॉर गटातील डायनोसॉरचे हे शेण असावे, असे त्यांनी मांडले. डायनोसॉर मुख्यतः काय खात होते, याचे उत्तर त्यात मिळाले : सूचिपर्णी झाडे, सायकॅड, ताडमाडाच्या जातकुळीतील झाडे, रुंद पानांच्या वनस्पती. आणि या सगळ्यांच्या जोडीला, अगदी थोड्या प्रमाणात, गवत.

हे ‘थोडे गवत’च खळबळजनक ठरले. कारण तोपर्यंतची सर्वमान्य समजूत अशी होती की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच. गवताचे निर्विवाद जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे होते, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतर एक कोटी वर्षांनी. सिनेमात किंवा पुस्तकातल्या चित्रात डायनोसॉरच्या पायाखाली हिरवळ दाखवली की जाणकार हसत. पिजदुऱ्याच्या साडेसहा ते सात कोटी वर्षे जुन्या शेणात गवत निघाले, आणि तेही एकाच प्रकारचे नव्हे. आजच्या गवतांच्या किमान पाच वेगवेगळ्या शाखांशी जुळणारे अवशेष त्यात होते. म्हणजे गवत तेव्हा नुकतेच उगवलेले नव्हते. त्याच्या फांद्या तोवर फुटून गेल्या होत्या.

शेणात गवत टिकले कसे?

पान टिकले नाही, त्यातली वाळू टिकली. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला विचारा, पाचट अंगाला कसे कापते ते. भाताच्या पातीवरून उलटा हात फिरवला तरी तोच अनुभव येतो. गवते जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूतलाच घटक, शोषून घेतात आणि पेशींमध्ये साठवतात. पेशीच्या आकाराचा काचेचा सूक्ष्म साचा तयार होतो. त्याला फायटोलिथ म्हणतात. पान कुजते, पोटात पचते, जळते. फायटोलिथ तसाच राहतो. शिवाय त्याचा आकार गवताच्या गटानुसार बदलतो. काही डमरूसारखे, काही खोगिरासारखे. त्यामुळे साच्यावरून घराणे ओळखता येते.

२०११ मध्ये प्रसाद, स्ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये पुढचा टप्पा मांडला. यावेळी फायटोलिथसोबत पानाच्या त्वचेचे तुकडेही होते आणि त्यांचे साम्य थेट भाताच्या गटाशी होते. हा आजचा भात नव्हे, हे स्पष्ट करायला हवे. आंबेमोहोर किंवा एचएमटी डायनोसॉर खात नव्हते. भात ज्या गटात मोडतो, त्या गटाची वेगळी ओळख तेव्हा तयार झालेली होती, एवढाच याचा अर्थ. पण ‘एवढाच’ अर्थही मोठा आहे. भाताचा गट जर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वेगळा ओळखू येत असेल, तर भाताची आणि ज्वारीची मोठी घराणी त्याच्याही आधी एकमेकांपासून दूर गेली असली पाहिजेत. नातू हजर असेल तर आजोबा आधी होऊन गेले, यात वाद कसला?

मग पाच कोटी हा आकडा आला कुठून?

तो आला डीएनएच्या घड्याळावरून. याला ‘मॉलिक्युलर क्लॉक’ म्हणतात. १९६२ मध्ये एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनमधील फरक मोजले. ज्या प्राण्यांचे पूर्वज फार आधी वेगळे झाले, त्यांच्यात फरक जास्त. अलीकडे वेगळे झालेल्यांत कमी. फरक वाढण्याचा वेग साधारण ठरावीक असेल, तर फरकावरून काळ काढता येईल, ही त्यामागची कल्पना. १९६८ मध्ये जपानचे मोटू किमुरा यांनी याला सैद्धांतिक आधार दिला : रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक टिकून राहिलेले बदल सजीवाच्या फायद्याचे किंवा तोट्याचे नसतात, ते नुसतेच साचत जातात.

गणित शाळकरी आहे. दोन गाड्या एकाच नाक्यावरून विरुद्ध दिशांना निघाल्या. दोघींमधील अंतर आणि वेग माहीत असेल, तर त्या कधी निघाल्या हे सांगता येते. दोन्ही गाड्या धावत आहेत, म्हणून अंतराला वेगाच्या दुपटीने भागायचे. गवतांच्या एका जनुकावरून १९९६ मध्ये काढलेला बदलाचा दर संशोधनात खूप वापरला जातो : शंभर कोटी जागांमागे वर्षाला साडेसहा बदल. समजा, भात आणि ज्वारीच्या जनुकांत परिणामशून्य अशा शंभर जागांमागे ६५ बदल झाल्याचे हिशेबात निघाले. ०.६५ भागिले साडेसहाची दुप्पट, म्हणजे तेरा अब्जांश. उत्तर पाच कोटी वर्षे.

झाले की काम! पण हा वेग मोजला कुणी? गाडीला स्पीडोमीटर असतो, गवताला नाही. हा वेग काढण्यासाठी कुठल्या तरी एका फारकतीची तारीख आधी बाहेरून माहीत असावी लागते. ती येते जीवाश्मांवरून. म्हणजे घड्याळ जीवाश्मावर लावायचे आणि मग त्याच घड्याळाने बाकीच्या सगळ्या फारकतींच्या वेळा सांगायच्या. मोबाइलचे घड्याळ अचूक चालते ते त्याच्या आतल्या स्फटिकामुळे कमी आणि नेटवर्कवरून वेळ जुळवून घेतल्यामुळे जास्त. इथे नेटवर्कचे काम जीवाश्म करतात. नेटवर्कनेच चुकीची वेळ पाठवली, तर फोन कितीही महागडा असो.

आता पिजदुऱ्याचे गोटे हिशेबात घ्या. फरक तेवढाच आहे, ०.६५. फारकत आठ कोटी वर्षांपूर्वीची धरली, तर वेग साडेसहावरून सुमारे चारवर येतो. आणि एकदा वेग बदलला की गवतांच्या कुटुंबातली प्रत्येक तारीख सरकते. जी जोडी एक कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असे जुने गणित सांगत होते, ती आता एक कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली असे निघेल. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीत ज्याला ‘झीरो एरर’ म्हणतात, त्याचाच हा कोट्यवधी वर्षांचा अवतार.

हे केवळ उदाहरणादाखल केलेले गणित नाही. २०१४ मध्ये पास्कल-अँटोइन क्रिस्टिन आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रयोग करून पाहिला. पिजदुऱ्याचे फायटोलिथ वगळले, तर भाताच्या आणि ज्वारी-मक्याच्या घराण्यांची फारकत ५.१ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वी येते. तेच पुरावे हिशेबात धरले, तर ती ७.४ ते ८.२ कोटी वर्षांपूर्वी जाते. डीएनए तेच, संगणक तेच, सूत्र तेच. फरक फक्त वरोरा तालुक्यातले गोटे घेतले की नाही, एवढाच.

दोन-अडीच कोटी वर्षांनी काय बिघडते?

भात पिकवणाऱ्याचे आज काही बिघडत नाही. पण भातावर संशोधन करणाऱ्याचे बिघडते. ज्वारी, मका, ऊस ही पिके प्रकाशसंश्लेषणाची ‘सी-४’ ही पद्धत वापरतात. कडक उन्हात, कमी पाण्यात त्यांचे इंजिन भाताच्या ‘सी-३’ पद्धतीपेक्षा चांगले चालते. सोलापूरच्या कोरडवाहू रानात रब्बी ज्वारी तग धरते आणि भाताला कोकणातला किंवा झाडीपट्टीतला पाऊस लागतो, यामागच्या कारणांत हेही एक. भातात सी-४ बसवता येईल का, यावर आंतरराष्ट्रीय पातळीवर दीड दशकाहून अधिक काळ काम सुरू आहे.

निसर्गाने ही करामत गवतांमध्ये वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे केली आहे. पण ज्वारीच्या घराण्यातच; भाताच्या घराण्यात एकदाही नाही. असे का? एक प्रबळ मत असे की सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला आणि त्या टंचाईने सी-४ला चालना दिली. हे मत तारखांवर उभे आहे. गवतांच्या तारखा दोन कोटी वर्षांनी मागे गेल्या, तर सी-४ची काही मुळे या घसरणीच्याही आधी जाऊ शकतात. मग ‘टंचाईमुळे सी-४’ हे कारण त्या शाखांपुरते तरी डळमळते आणि उष्णता, दुष्काळ, उघडे माळरान अशी दुसरी कारणे शोधावी लागतात. तारीख चुकली की कारण चुकते.

घड्याळ नेहमीच हरते का?

नाही. उलटही झाले आहे आणि तेही भारतातल्याच जीवाश्मावरून. १९३२ मध्ये येल विद्यापीठाचे जी. एडवर्ड लुईस यांना आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर परिसरात, शिवालिकच्या टेकड्यांत जबड्याचा एक तुकडा सापडला. त्यांनी नाव दिले ‘रामापिथेकस’. १९६०च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी हा माणसाच्या वंशाचा सर्वांत जुना पूर्वज असल्याचे मांडले. म्हणजे माणूस आणि आफ्रिकी वानरे किमान १.४ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, असा त्याचा अर्थ. पाठ्यपुस्तकांत ते छापले गेले. ‘माणूस शिवालिकात जन्मला’ अशी छाती फुगवणारी वाक्येही त्यामागोमाग आली.

१९६७ मध्ये व्हिन्सेंट सारिच आणि अ‍ॅलन विल्सन या दोघांनी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना करून वेगळेच सांगितले : माणूस आणि चिंपांझी वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षे झाली. जीवाश्मशास्त्रज्ञांनी त्यांना उडवून लावले. हाडे हातात असताना टेस्ट ट्यूबवर कोण विश्वास ठेवणार? पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर त्याच गटातील शिवापिथेकसचा चेहरा सापडला आणि १९८२ मध्ये पिलबीम यांनीच त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चेहरा ओरांगउटानच्या वळणाचा होता. रामापिथेकस माणसाच्या ओळीतून बाहेर पडला. आज तो शिवापिथेकसमध्येच गणला जातो. आजचा अंदाज आहे ६० ते ७० लाख वर्षांच्या आसपास. म्हणजे ५० लाखही तंतोतंत नव्हते; पण १.४ कोटींच्या तुलनेत घड्याळ सत्याच्या कितीतरी जवळ होते.

या गोष्टीतला सर्वांत मोलाचा माणूस पिलबीम म्हणायला हवा. स्वतःच उभा केलेला दावा त्यांनी स्वतःच्याच हातांनी मागे घेतला. एखादे मत चुकले असे जाहीरपणे म्हणणे आपल्याकडे अजून पराभव समजला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगण्यासारखे.

मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्यावर किती विसंबायचे?

‘टाइमट्री’ नावाचा एक खुला विदासंच आहे. दोन सजीवांची नावे टाका, ते कधी वेगळे झाले हे तो सांगतो. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठाचे ब्लेअर हेजेस आणि सुधीर कुमार यांनी तो उभारला. २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत चार हजारांहून अधिक शोधनिबंध आणि एक लाख ३७ हजारांहून अधिक प्रजाती आहेत. माणूस आणि चिंपांझी : सुमारे ६४ लाख वर्षे. माणूस आणि उंदीर : सुमारे ८.७ कोटी. फोनवर पाच मिनिटे यात घालवली तर दिवसभराच्या रील्सपेक्षा जास्त हाती लागेल, हे निश्चित.

पण इथेच सावधगिरीही हवी. याच दोघांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये पृष्ठवंशीय प्राण्यांचे मोठे वेळापत्रक मांडले होते. पक्षी आणि सस्तन प्राण्यांची फारकत ३१ कोटी वर्षांपूर्वी झाली, या एकाच खुंटीला त्यांनी सगळे गणित टांगले होते. २००४ मध्ये डॅन ग्राउर आणि विल्यम मार्टिन यांनी त्यावर कडक टीका केली. कोंबडीची आतडी बघून भविष्य सांगणाऱ्यांशी त्यांनी या पद्धतीची तुलना केली. मुद्दा रास्त होता. ३१ कोटी या आकड्यालाच चुकीची मोठी शक्यता होती. तो बिनचूक धरून काढलेली दुसरी तारीख, तिच्यावरून तिसरी, तिसरीवरून चौथी. प्रत्येक पायरीवर चूक वाढत जाते, छापील आकडा मात्र अधिकाधिक नेमका दिसत जातो.

त्या टीकेनंतर हे क्षेत्र सुधारले. आता प्रत्येक शाखेला वेगळा वेग असू शकतो असे धरले जाते. ते खरेही आहे. वर्षात बी धरणाऱ्या गवतांचा डीएनए भराभर बदलतो. अनेक दशकांनी एकदाच फुलणाऱ्या बांबूचा, जो भाताचा जवळचा भाऊबंद आहे, संथपणे. एका जीवाश्मावर न विसंबता अनेक जीवाश्म घेतले जातात. जीवाश्म फक्त ‘याच्या आधी’ एवढेच सांगतो, ‘किती आधी’ ते नाही, हेही गणितात बसवले जाते. आणि उत्तर एका आकड्यात नव्हे, पट्ट्यात दिले जाते : अमुक ते तमुक.

हा पट्टाच खरे उत्तर असतो. मथळ्यात मात्र मधला आकडा तेवढा येतो. यात वृत्तपत्रांचा, विशेषतः डिजिटल माध्यमांचा दोष मोठा आहे. ‘७.४ ते ८.२ कोटी, तेही फायटोलिथ ग्राह्य धरले तर’ असा मथळा कुणी क्लिक करत नाही, ही सबब झाली. पावसाचा अंदाज टक्केवारीत समजून घ्यायला वाचक शिकले. करोनाच्या काळात आर-व्हॅल्यू शिकले. पट्टाही शिकतील.

फायटोलिथवर आक्षेप काय?

आक्षेप आहेत आणि ते थातूरमातूर नाहीत. काचेचा सूक्ष्म साचा सारखा दिसला म्हणून वंश सारखाच, असे दरवेळी म्हणता येत नाही. वेगळ्या वनस्पतीतही तसा आकार तयार होऊ शकतो. शिवाय गवत इतके जुने असेल, तर त्याची पाने, कणसे, फुले त्या काळच्या खडकांत ठळकपणे का दिसत नाहीत? म्हणूनच क्रिस्टिन यांच्या गटाने दोन्ही हिशेब शेजारीशेजारी मांडले. एकच निवडून दुसरा लपवला नाही.

त्यानंतर पारडे थोडे पिजदुऱ्याकडे झुकले. २०१८ मध्ये चीनमधील संशोधकांनी एक्विजुबस या शाकाहारी डायनोसॉरच्या दातांवर चिकटलेले गवताच्या त्वचेचे तुकडे आणि फायटोलिथ सापडल्याचे प्रसिद्ध केले. ते दहा कोटी वर्षांहूनही जुने आहेत. दोन वेगळे देश, दोन वेगळे डायनोसॉर, एकाचे दात आणि दुसऱ्याचे शेण. भात-ज्वारीची फारकत डायनोसॉरच्या हयातीतच झाली, या बाजूचा पुरावा आज अधिक वजनदार आहे, असे म्हणायला हरकत नसावी. लॅमेटाच्या थरात उद्या गवताचे एखादे कणीस दगडात उमटलेले सापडले, तर उरलेला वादही मिटेल.

सापडेल का, हा प्रश्न मात्र विज्ञानाचा कमी आणि कायद्याचा जास्त आहे.

हे गोटे कोणाच्या मालकीचे?

भारतात जीवाश्मांचे संरक्षण करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण काही स्थळांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक जाहीर करते. लोणार त्यांपैकी एक. पण शेतात, नाल्याकाठी, खाणीत सापडणाऱ्या जीवाश्मांना ते कवच नसते. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भूअवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा चर्चेला ठेवला. सगळे अधिकार एकाच सरकारी यंत्रणेकडे जातील, विद्यापीठांच्या संशोधनाला परवानग्यांचे अडथळे येतील, अशी भीती अभ्यासकांनी व्यक्त केली. ती भीती खरी होती, पण म्हणून कायदाच नको असे कुणाचे म्हणणे नव्हते. मसुदा दुरुस्त करून पुढे न्यायचा होता. तो मागे पडला.

दरम्यान काय गमावले जाते, याचा अंदाज मुंबईवरून येईल. वरळीच्या टेकडीतल्या लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळात बेडकांचे चिमुकले जीवाश्म सापडले होते. मुंबईत काम करणारे अभियंता जी. टी. क्लार्क यांच्या टिपणाला जोडून रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. हाच तो ओवेन, ज्याने ‘डायनोसॉर’ हा शब्द दिला. १९३०मध्ये या बेडकाला ‘इंडोबॅट्राकस’ हे स्वतंत्र नाव मिळाले. सह्याद्रीतल्या बेडकांच्या फारकतींचे घड्याळ लावायला अशा जीवाश्मांइतके उपयोगी दुसरे काही नाही. केरळच्या सह्याद्रीत सापडलेला, २००३ मध्ये जगापुढे आलेला जांभळा बेडूक सेशेल्स बेटांवरच्या बेडकांचा नातलग निघाला, आणि ही फारकत दहा कोटी वर्षांहून जुनी असावी असे डीएनएवरून तेव्हा मांडले गेले. अशा दाव्याची उलटतपासणी करायची तर दगडातला बेडूक लागतो. वरळीच्या टेकडीवर आता इमारती आहेत.

पिजदुऱ्यात अजून टॉवर नाहीत. पण चंद्रपूर हा कोळशाचा, सिमेंटचा जिल्हा आहे. शेत सपाट करताना, मुरूम काढताना, रस्त्याला भर घालताना गोटा शेणाचा आहे की साधा, हे जेसीबीच्या चालकाला कळण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीला निदान एक फलक, शाळेला निदान एक सहल आणि तहसील कार्यालयात निदान एक नोंद, एवढे करायला संसदेच्या कायद्याची वाट बघावी लागत नाही.

आणि शाळेत काय शिकवतात?

करोनाकाळात ‘भार कमी करण्यासाठी’ एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि नंतर तो कायमचाच गेला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचा फक्त ‘आनुवंशिकता’ उरला. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्रातून त्याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच, असे उत्तर मिळाले. आहे, पण दहावीनंतर कला, वाणिज्य, आयटीआय आणि इंजिनीअरिंगकडे वळणाऱ्यांच्या वाट्याला ती येत नाही. म्हणजे बहुसंख्यांच्या वाट्याला येत नाही.

उत्क्रांतीच्या तारखा हा केवळ डायनोसॉरवेड्यांचा विषय राहिलेला नाही. हेच गणित विषाणूला लावून करोनाचे मूळ २०१९ च्या अखेरीच्या महिन्यांत असल्याचे काढले गेले. तो विषाणू महिन्याला साधारण दोन बदल साठवत होता. एचआयव्हीचा माणसांतील प्रसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सुरू झाला, हेही याच पद्धतीने कळले. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने असलेल्या विषाणूचे प्रमाण वाढल्याचे केंद्राने सांगितले, तेव्हा ‘डबल म्युटंट’ हा शब्द घरोघर पोहोचला आणि त्याबरोबर अफवाही पोहोचल्या. उत्परिवर्तन म्हणजे विषाणूने रचलेला डाव नव्हे, नक्कल करतानाच्या साचलेल्या चुका, हे ज्यांना शाळेत कळले होते त्यांची घाबरगुंडी थोडी कमी उडाली असेल.

महाराष्ट्राची गोष्ट वेगळी आहे, निदान आजवर तरी. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. त्यात जीवाश्म आहेत, अवशेषांगे आहेत, डार्विन आहे, कार्बन डेटिंगही आहे. राज्यात सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम आणण्याची घोषणा झाली आहे. धर्तीबरोबर कात्रीही येणार का, हे शिक्षण विभागाने आत्ताच स्पष्ट करायला हवे. पुस्तके छापून आल्यावर नव्हे.

धडा राहिला, तर त्यात एक दुरुस्ती मात्र सुचवण्यासारखी आहे. कार्बन डेटिंग साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते. पिजदुऱ्याचे गोटे, वरळीचा बेडूक किंवा सह्याद्रीचा काळा पत्थर यांपैकी कशाचेही वय त्याने काढता येत नाही. लाव्ह्याच्या वयासाठी आर्गॉनची पद्धत लागते आणि फारकतींसाठी डीएनएचे घड्याळ. त्यासाठी फार तर दीड पान वाढेल. गणित त्रैराशिकाचे आहे आणि उदाहरण वरोरा तालुक्यातले.